कार्तिकीची वाटी

ऐक. नुसतं ऐक. मध्येच "असं कसं होईल" म्हणून फाटे फोडू नकोस, कारण शेवटी बोलायचंय तुलाच.

हणमंतकाका मोरबाळे म्हणून एक ड्रायव्हर होते. एसटीचे. कराड-चिपळूण गाडी, म्हणजे कुंभार्ली घाट रोजचाच. तोपर्यंत सगळ्या गाड्या बॅटरीवर आल्या होत्या, तिकीट फोनवर निघायचं, पण घाटातल्या गाड्यांना कंडक्टर ठेवलेले, कारण वर रेंज जाते आणि म्हातारी माणसं फोन उलटा धरून "आवं ह्येच्यात काय दिसंना" म्हणत बसतात. काकांचा कंडक्टर अल्ताफ मुल्ला. वयानं बराच लहान, तोंडाळ, पण ह्या दोघांची जोडी अशी की डेपोतले लोक विचारायचे, "तुमच्या लग्नाचं हे कितवं वर्ष?" चिपळूणला पोचलं की दोघं एकाच डब्यात जेवायचे. काकांची भाकरी, अल्ताफचं कालवण, वाटी एक, हात दोन.

आणि काकांची मुलगी कार्तिकी. एकुलती एक. सहावीत. अक्षर असं की बाईंनी तिची वही वर्गात फिरवावी. ते अक्षर एका दिवाळीनंतर बिघडायला लागलं. आधी बाई ओरडल्या, मग आई ओरडली. मग पेन हातातून निसटायला लागलं. मग बोलणं जड झालं, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि शाळेत पोरं तिला "गळका नळ" म्हणायला लागली. तिच्या आईनं, शालनकाकूंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं होतं. तांब्याचं.

म्हणजे बघ, आपल्या सगळ्यांना तांबं लागतं. अगदी कणभर. रक्त बनवायला, केसांना रंग द्यायला, नसांवरचं आवरण शाबूत ठेवायला. जास्तीचं झालं की यकृत ते बाहेर फेकतं. कार्तिकीच्या यकृतात ते फेकायचं दारच जन्मतः बंद होतं. त्यामुळे अकरा वर्षांचं तांबं साठत साठत यकृतात, मग डोळ्यात, मग मेंदूत. घरातला तांब्याचा हंडा, पळी, पंचपात्र, सगळं माळ्यावर गेलं. शेंगदाण्यातही तांबं असतं, म्हणून कूट बंद. आता कराडच्या माणसाच्या घरात कूट बंद म्हणजे काय ते तू समजून घे! तांबं उतरवायच्या गोळ्या सुरू केल्या, तर उलटंच. काही पोरांचं होतं म्हणे तसं, मेंदूतलं तांबं हलतं आणि आजार उसळतो. महिन्याभरात कार्तिकीला घास गिळवेना.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर केळुसकर म्हणून बाई होत्या. त्यांनी सांगितलं, एक नवीन औषध आहे. परदेशातल्या एका कंपनीचं. अजून चाचणी चालू आहे, बाजारात नाही.

"मग घ्या की हिला चाचणीत," काका म्हणाले.

"नाही घेता येत. चाचणीत ज्यांना नीट गिळता येतं, चालता येतं अशीच मुलं घेतात. हिचा आजार त्यांच्या रेषेच्या पुढे गेलाय."

"म्हणजे जिला जास्त गरज, तिलाच न्हाई?"

बाई म्हणाल्या, "चाचणीच्या बाहेरून एक वाट असते. दुसरा कुठलाच उपाय उरला नसेल तर एकट्या पेशंटसाठी औषध मागता येतं. मी कंपनीला लिहायचं, त्यांनी द्यायला हो म्हटलं पाहिजे. ते नाही म्हणू शकतात. मग आमची नीतिसमिती, मग सरकारी परवानगी. एका नावाची परवानगी, फक्त कार्तिकीची. आणि गुण येईल ह्याची खात्री कुणीच देणार नाही."

काका म्हणाले, "लिवा."

किती हेलपाटे, किती सह्या, ते सोडून दे. परवानगी आली. आणि औषध काय होतं माहितीये? जंतू! जिवंत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका साध्या जंतूला असं घडवलेलं की पोटात जे तांबं येईल ते तो घट्ट पकडून बसणार, आणि संडासवाटे घेऊन जाणार. आता जंतू म्हटलं की तुला भीती वाटणार पसरायची. ती त्यांनाही वाटली होती. म्हणून त्याला कुलूप घातलं होतं. ह्या जंतूला जगायला एक खास साखर लागते, कारखान्यात बनवलेली, जगात कुठल्याच अन्नात नसलेली. ती साखर मिळाली नाही की दोन-चार दिवसांत सगळे उपाशी मरणार. रोजच्या पुडीत जंतूंची पावडर आणि ती साखर एकत्र. कोमट, मऊ पदार्थात कालवायची आणि खायची. आणि अगदीच बिनसलं तर जंतू मारायचं एक सिरप, ते फक्त हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये.

"चाचणीतली मुलं तिथे वॉर्डात राहतात," केळुसकर बाई म्हणाल्या. "घरच्यांच्याही तपासण्या होतात. तुमच्याकडे तसं कुणी येणार नाही. तेव्हा लक्ष तुम्हीच ठेवायचं. तिची वाटी वेगळी, चमचा वेगळा. आणि घरात कुणालाही काही नवीन त्रास झाला तर मला सांगायचं. कुणालाही."

"व्हय, सांगणार की," काका म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले.

शालनकाकूंनी वाटी वेगळी केली. वाटीच्या तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. ती घासायला काथ्यासुद्धा वेगळा. काही कमी ठेवलं नाही काकूंनी!

पण कार्तिकीला एक सवय होती. अगदी रांगत होती तेव्हापासून. बाबा ड्युटीवरून यायचे, तर ही आपल्या ताटात दोन घास ठेवायची. "बाबांचा वाटा." आणि काका आले की आधी हात धुऊन ते दोन घास खायचे, मग त्यांचं ताट. ते खाल्ले नाहीत तर पोरगी झोपायची नाही. आता ही पुडी नाचणीच्या खिरीत कालवलेली. कार्तिकीला ती चव आवडायची नाही, निम्मी खायची, आणि तळाशी थोडी ठेवायची. बाबांचा वाटा. शालनकाकू म्हणायच्या, "अहो, एवढ्या मिनतवाऱ्या करून आणलेलं औषध. मोरीत वतायचं का?" काका म्हणायचे, "वतायचं कशाला," आणि ठिपक्याची वाटी पुसून खायचे. बाईंनी सांगितलेलं पाळत होते बरं का. चमचा स्वतःचा घ्यायचे.

हसू नकोस. ज्यांनी ते औषध बनवलं ना, त्यांनी सगळा विचार केला होता. पण त्यांच्या देशात पोरीच्या वाटीत उरलेलं कचऱ्याच्या डब्यात जातं. आपल्याकडे ते बापाच्या पोटात जातं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असणार?

आणि औषध लागू पडलं की! आधी लाळ थांबली. मग गिळायला लागली. मग एके दिवशी काका दारात चप्पल काढतात तर आतून आवाज आला, "बाबा, आज काय झालं माहितीये का?" सबंध वाक्य. स्वच्छ. काका तिथेच उंबऱ्यावर बसले, एक चप्पल पायात, एक हातात. शालनकाकू म्हणाल्या, "आत या की, लोक बघतायत." काका म्हणाले, "बघू दे."

त्याच सुमारास त्यांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या.

आधी वाटलं, ड्रायव्हरचे पाय, येणारच. मग वाटायला लागलं की बुटात कापूस भरलाय. आणि मग घाटात एक दिवस, उताराला, समोरून ट्रक वळणावर आला, काकांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. कारण पाय ब्रेकवर नव्हताच. त्यांना वाटत होतं की आहे. खाली बघावं लागलं, स्वतःचा पाय कुठाय ते बघायला! बघितला, उचलला, दाबला. गाडी कठड्याला घासून थांबली. अल्ताफ पुढच्या काचेवर जाऊन आदळला.

"काय हणमंतराव," तो कपाळ चोळत म्हणाला, "मला न सांगता वर जायला निघालाव व्हय?"

सगळी गाडी हसली. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोत सांगितलं, गुडघे गेले, मला खाली काम द्या. त्यांना स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसवलं. डबा मात्र अल्ताफची गाडी परतली की एकत्रच.

कार्तिकीचं रक्त तपासायला लॅबमध्ये गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "माझं पण तांबं बघा."

रिपोर्ट घेऊन लॅबमधली पोरगी बाहेर आली, तीच गोंधळलेली. "काका, बाटल्यांची अदलाबदल झाली वाटतं. मुलीचं नॉर्मल आलंय. तुमच्यात तांबं जवळजवळ नाहीच."

काकांनी रिपोर्ट घडी घालून खिशात टाकला. म्हणाले, "व्हय, झाली असंल अदलाबदल."

त्या दिवसापासून त्यांनी तो घास बंद केला. कार्तिकी वाटी पुढे करून बसलेली, आणि हे म्हणतात, पोट भरलंय.

"बाबा, तुम्हाला माझी घाण वाटते का?"

"येडी का खुळी तू!"

"मग खा."

"डॉक्टरांनी सांगितलंय, सगळं तूच खायचं."

ती रागानं सगळी खीर संपवून, वाटी आपटून निघून गेली. काका मनात हिशेब करत होते. साखर बंद. दोन-चार दिवसांत मरतील. मग हळूहळू पाय येतील.

पाय आले नाहीत. आठवडे गेले. मुंग्या तळपायावरून पिंढरीवर चढल्या. ते माळ्यावरचा हंडा उतरवून गुपचूप डेपोत घेऊन गेले, त्यातलं पाणी प्यायले, तांब्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. काही नाही. जेवढं तांबं आत जाईल तेवढं आत कुणीतरी पकडून बसत होतं. साखर नसताना. कुलूप लावलेल्या घरात दिवा दिसावा, तसं झालं त्यांना. पण मन काय, नाही म्हटलं की नाहीच म्हणतं. त्यांनी स्वतःला सांगितलं, चमच्याला राहिली असंल थोडी साखर. घरातच आहे ना ती.

मग एक दिवस डबा उघडला. अल्ताफनं भाकरी मोडायला घेतली आणि ती त्याच्या हातातून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली.

"काय रं, नवरदेवासारखा लाजतोयस भाकरीला?"

"हसू नका हणमंतराव. बोटांना काय कळंनाच झालंय. परवा एका म्हातारीला दहाचं नाणं म्हणून रुपया दिला. ती म्हणती, मुडद्या, डोळे फुटले का?"

काकांचा घास हातातच राहिला. अल्ताफ कधी त्यांच्या घरी जेवला नव्हता. त्यानं ती खीर कधी बघितलीसुद्धा नव्हती. ती साखर त्याच्या पोटात जायचा प्रश्नच नव्हता. त्यानं खाल्लं होतं ते फक्त ह्या डब्यातलं, काकांच्या हाताशेजारी हात घालून.

म्हणजे जंतू काकांच्या पोटात बदलला होता. त्याला आता साखर लागत नव्हती. आपलं साधं भाकरी-कालवण पुरत होतं. चाचणीत हे पहिल्याच तपासणीत सापडलं असतं. पण हे चाचणीच्या बाहेर होतं. बाहेर बघणारं कोण?

"आणि गंमत बघा," अल्ताफ म्हणाला, "आमची रुबिना पण म्हणती, पायात मुंग्या. मी म्हटलं, सातवा महिना आहे, पोरगं लाथा मारत असंल नसांवर."

काकांनी डबा झाकला. "मला भूक न्हाई," म्हणाले, आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले.

घरी शालनकाकूंना सगळं सांगितलं. त्या ब्लाउजला हुक लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं, दोरा दातानं तोडला.

"आणि डॉक्टरला सांगितलं तर?"

"औषध बंद करतील. ते सिरप देतील. आधी तिला."

"आणि तिचं काय हुईल?"

आतल्या खोलीत कार्तिकी मोठ्यानं कविता पाठ करत होती. मुद्दाम मोठ्यानं, कारण आता जमत होतं.

"त्या अल्ताफला गोळ्या आणून द्या," काकू हळू म्हणाल्या. "शक्तीच्या म्हणून."

"मी खाऊन बघितल्या, शालन. काय उपेग न्हाई. त्या सिरपशिवाय न्हाई."

"तरी द्या."

त्यांनी दिल्या. अल्ताफनं एक खाल्ली, म्हणाला, "ह्यानं दोन बायका करायची ताकद येती का?" आणि बाकीच्या खिशात टाकून विसरला. डबा मात्र काकांनी बंद केला. पोट बरं नाही म्हणाले. अल्ताफ रुसला. इतकी वर्षं एका वाटीत जेवलेला माणूस, केबिनच्या बाहेर बाकड्यावर एकटा जेवायला लागला, काकांना दिसेल असा.

पुढच्याच आठवड्यात पुण्याची तपासणी होती. काका घरातूनच ठरवून निघाले. सांगायचं.

केळुसकर बाई खुशीत होत्या. कार्तिकीला शर्टाचं बटण काढून लावायला सांगितलं. तिनं लावलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा लावलं, आणि वर म्हणाली, "मॅडम, तुमचं पण लावू का?" बाई हसल्या. टेबलावर यंत्र होतं, सगळं बोलणं टिपून घेणारं. ते कंपनीकडे जायचं, नियमच होता.

"आता नेहमीचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला काही नवीन त्रास?"

काका म्हणाले, "मला... पायाला मुंग्या येतात. लई दिवस झाले."

बाईंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी काकांच्या पायांकडे बघितलं. मग कार्तिकीला म्हणाल्या, "बाळा, बाहेर मासा आहे मोठ्या टाकीत, बघून ये." ती गेली. बाईंनी यंत्र बंद केलं.

"काका, हिचं उदाहरण दाखवून मी अजून पोरांसाठी अर्ज केलेत. दोघं तर अंथरुणाला खिळलीयत. कंपनी हिच्याकडे बघून हो म्हणतेय. हे वाक्य गेलं की सगळं त्याच दिवशी बंद होईल. हिचंसुद्धा."

"माहिताय."

"इतकी वर्षं घाटात गाडी चालवलीत. ड्रायव्हरचे पाय बधिर होतातच." बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. "मी प्रश्न पुन्हा विचारते."

त्यांनी मघाचं बोलणं पुसलं. यंत्र पुन्हा सुरू केलं.

"घरात कुणाला काही नवीन त्रास?"

दाराच्या काचेतून कार्तिकी दिसत होती. टाकीला नाक लावून माशाशी काहीतरी बोलत होती. अल्ताफचं नाव काकांच्या जिभेवर आलं होतं. बाईंना अल्ताफ माहीतच नव्हता. त्यांना वाटलं, हा एवढा एकच माणूस आहे, तो स्वतःचं स्वतः सोसायला तयार आहे. तेवढ्यावर त्यांनी डोळे झाकले होते. आणि काकांनी ते झाकलेलेच राहू दिले.

"न्हाई," काका म्हणाले. "घरात कुणाला काय न्हाई."

स्वतःचं लपवलं, पण बाकी खोटं नाही बघ. अल्ताफ घरातला नव्हता.

रुबिनाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. अल्ताफचा फोन आला, रुसवा-बिसवा सगळा विसरलेला, पण आवाज कसातरी होता. "या हो हणमंतराव. बघा तरी येऊन."

काका काठी टेकत गेले. बाळ काचेच्या पेटीत होतं. अंग गार पडत होतं म्हणून दिवे लावलेले. हात उचलला की नुसता खाली पडायचा, चिंधीसारखा. आणि केस. डोकंभर केस होते, पण काळे नाहीत. पांढरट, ताठ, पिळे पडलेले, भांडी घासायच्या तारेसारखे. नर्सनं टोपी घातली होती, तिच्यातून बाहेर आले होते.

बाजूच्या खाटेवर रुबिना भिंतीकडे तोंड करून पडली होती. अल्ताफ पेटीवर हात ठेवून उभा होता. काच गार आहे का गरम, तेसुद्धा त्याच्या बोटांना कळत नव्हतं.

"हितले डॉक्टर म्हणतात, असं कधी बघितलं न्हाई. सगळ्या तपासण्या केल्या, कशानं झालंय तेच कळंना. कळलं तर कायतरी करता येईल म्हणतात, पण आठ-दहा दिवसांत कळलं पाहिजे." मग तो काकांकडे वळला. त्याचे डोळे एकदम लुकलुकले. "मी रात्रभर इचार केला. तुमच्या कार्तिकीचं पण असंच व्हतं की. समद्यांनी हात टेकलं व्हतं. आणि तुम्ही ती वाट काढलीत, चाचणीच्या भायेरची. त्या पुण्याच्या मॅडमना एकदा इचारा की हणमंतराव. माझ्या पोरासाठी. असंल त्यांच्याकडं कायतरी नवं औषध. तुम्ही एक शब्द टाकला तर त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत."

बाळानं पेटीत तोंड उघडलं. रडलं असेल, पण आवाज आला नाही.

"टाकाल न्हवं?" अल्ताफ म्हणाला.

आता बोल. एक फोन, एक वाक्य. नुसतं 'बाळाचं तांबं बघा' म्हटलं तरी ते कशानं गेलं हे डॉक्टर विचारणारच. हे पोरगं कदाचित वाचेल, आणि घरी जी आत्ता मोठ्यानं कविता म्हणतेय ती पुन्हा मुकी होईल. काकांनी फोन हातात घेतलाय, अल्ताफ तोंडाकडे बघतोय. तू असतास तर काय केलं असतंस?